तार उघडी, तरी शॉर्ट का होत नाही? वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरं

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न मिश्रधातूंच्या तारांचे आहेत. तांब्याच्या तारेवर कुठलं कव्हर हवं हे दुकानदारही सांगतो. नायक्रोम (निकेल-क्रोमियम), कँथल, कॉन्स्टंटन यांची गोष्ट वेगळी आहे. त्या तापण्यासाठी किंवा मोजण्यासाठी असतात आणि एकाच तारेच्या दोन टोकांमध्ये हजार अंशांचा फरक असू शकतो. म्हणून इन्सुलेशन निवडताना दोन गोष्टी आधी विचारायच्या: त्या ठिकाणी तापमान किती, आणि शेजारच्या धातूशी व्होल्टेजचा फरक किती?

प्रश्न : मातीकामासाठी छोटी इलेक्ट्रिक भट्टी बांधतोय. ३ किलोवॅट, सिंगल फेज, १०५० अंशांपर्यंत. १६ गेजची कँथल ए-१ तार आणली, पण ती अगदी उघडी आहे. तिच्यावर इन्सुलेटिंग वार्निश किंवा भट्टीचं सिमेंट लावावं का? कॉइलचे फेरे एकमेकांना लागले तर शॉर्ट होणार नाही का?
— एक वाचक, नाशिक

काहीही लावू नका. मोटारीच्या वाइंडिंगला वापरतात ती चांगल्यातली चांगली वार्निशंही २०० अंशांच्या आसपास हात टेकतात. तुमच्या भट्टीत ती पहिल्या अर्ध्या तासात जळून कोळसा होतील आणि तो कोळसाच वीज वाहून नेईल. सिमेंटचा धोका वेगळा. बाजारातल्या बऱ्याच भट्टी-सिमेंटांत वॉटरग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, असतं आणि ते कँथलला खातं.

कँथल आपलं इन्सुलेशन स्वतःच तयार करते. या तारेत लोखंडाबरोबर सुमारे २२ टक्के क्रोमियम आणि पावणेसहा टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम असतं. हवेत तापवली की ॲल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन अल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, फिकट राखाडी थर धरतो. स्पार्क प्लगचा पांढरा भाग याच पदार्थाचा असतो. नायक्रोमवर बसणारा क्रोमियम ऑक्साइडचा काळपट थर तारेला गंजण्यापासून वाचवतो, पण इन्सुलेशन म्हणून तो इतका भरवशाचा नाही.

हा थर किती व्होल्टेज अडवतो, हा खरा मुद्दा. तुमचीच भट्टी घेऊ. ३००० वॅटला २३० व्होल्टवर १३ अँपिअर लागतात, म्हणजे रोध १७.६ ओहम. तापल्यावर कँथलचा रोध सुमारे ४ टक्के वाढतो, तेव्हा थंड असताना १७ ओहम धरा. १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर; या तारेचा रोध मीटरला ०.७० ओहम. तार लागेल सव्वाचोवीस मीटर. ६ मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळली तर साधारण हजार फेरे होतात. २३० व्होल्ट हजार फेऱ्यांत वाटले की शेजारच्या दोन फेऱ्यांत फरक उरतो पाव व्होल्टाहूनही कमी. एवढं अडवायला तो थर पुरेसा आहे. तरीही फेरे चिकटू देऊ नका. कारण विजेचं नसून उष्णतेचं आहे. चिकटलेले फेरे एकमेकांना तापवतात आणि तार तिथेच जाते. कॉइल ओढून एका फेऱ्यापासून दुसऱ्या फेऱ्यापर्यंतचं अंतर तारेच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट ठेवा, म्हणजे तुमची कॉइल सव्वातीन ते पाच मीटर लांब होईल.

खरा धोका फेऱ्या-फेऱ्यात नाही, ओळी-ओळीत आहे. कॉइल विटांच्या खाचांतून मागे-पुढे फिरवली की वरच्या आणि खालच्या ओळीत पन्नास-साठ व्होल्टांचा फरक सहज येतो. तिथे इन्सुलेशन म्हणजे मधली वीट. थंड वीट उत्तम रोधक असते, पण लाल तापली की तिचा रोध बराच घसरतो. वीट हलक्या प्रतीची, लोहयुक्त किंवा ओली असेल तर गळती वाढते आणि आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, पडतो. खाचांसाठी जास्त अल्युमिनाच्या, कमी लोहाच्या इन्सुलेटिंग विटा घ्या. ग्लेझचा थेंब तारेवर पडला की तो वितळून अल्युमिनाचा थर विरघळवतो. दुसऱ्या दिवशी तार तिथेच तुटलेली मिळते. मिठाच्या वाफाही तशाच. सॉल्ट ग्लेझ या भट्टीत करूच नका.

पहिली भाजणी रिकाम्या भट्टीची. विटा आधी सावकाश वाळवा, दार किंचित उघडं ठेवून १०५० अंशांपर्यंत न्या आणि सात ते दहा तास तिथे धरा. हवा हवीच, कारण ऑक्सिजनशिवाय थर बसत नाही. यानंतर तार ठिसूळ होते. तिला थंड असताना वाकवलं तर मोडते, म्हणून सगळे आकार, वळणं आणि टोकं भाजणीआधीच पूर्ण करा.

आता टोकं. घरी बांधलेल्या भट्ट्या बहुधा इथेच जळतात. भिंतीतून बाहेर येणारा भाग थंड राहावा म्हणून तीच तार दुहेरी किंवा तिहेरी पिळून घ्या. दुहेरी केली की प्रत्येक पदरातला करंट निम्मा आणि त्यात निर्माण होणारी उष्णता एक चतुर्थांश. हा पिळलेला भाग पोर्सेलीन किंवा मुलाइटच्या नळीतून बाहेर काढा, भट्टीच्या पत्र्याला कुठेही लागू देऊ नका, आणि भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर दूर नट-बोल्टने जोडा. तिथून पहिली ३०-४० सेंटिमीटर केबल ग्लासफायबर किंवा सिलिकोन रबरच्या आवरणाची घ्या, त्यापुढे नेहमीची. साध्या पीव्हीसी केबलची मर्यादा ७० अंश आहे. ती थेट टर्मिनलवर आणली की महिन्याभरात आवरण तडकून तांबं उघडं पडतं.

तारेवरचा थर फेऱ्यांपुरता आहे, हाताला विजेपासून वाचवायला नाही. दार उघडताच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच बसवा आणि पत्र्याला अर्थिंग द्या.

प्रश्न : गीझर चालू केला की आरसीसीबी पडतो. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावून एलिमेंट ठीक असल्याचं सांगितलं. गंमत म्हणजे कधी कधी गीझरचा स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडतो. दोष कुठे आहे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मल्टिमीटरने तार अखंड आहे एवढं कळलं. तारेभोवतीचं इन्सुलेशन तपासलंच गेलेलं नाही. गीझरच्या एलिमेंटमध्ये नायक्रोमची कॉइल नळीच्या मधोमध असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. पूड भरल्यावर नळी दाबून बारीक करतात, म्हणजे पूड घट्ट बसते. ही पूड उष्णता चटकन बाहेर सोडते आणि वीज अडवते. तिचा दोष एकच, ती हवेतली ओल शोषते. टोकांची सीलं सुकली किंवा नळीला टाचणीएवढं भोक पडलं की पुडीत पाणी शिरतं. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर नळीवर क्षारांचा जाड थर बसून ती आतून जास्त तापते आणि मग भोक पडायला वेळ लागत नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान पडतो. ३० मिलिअँपिअर गळायला इन्सुलेशन साडेसात हजार ओहमपर्यंत खाली यावं लागतं. चांगल्या एलिमेंटचं इन्सुलेशन मेगओहममध्ये असतं. म्हणजे तुमच्या एलिमेंटचं बिघडायला नुकतं सुरू झालेलं नाही, ते बरंच बिघडलेलं आहे.

स्विच बंद असताना पडण्याचं कारण असं, की घरातले बहुतेक स्विच फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गळती एलिमेंटच्या न्यूट्रलकडच्या टोकाला असेल तर फ्रिज किंवा मिक्सर चालू होताच त्यांच्या परतीच्या करंटचा काही भाग न्यूट्रलऐवजी एलिमेंटमधून अर्थमध्ये जातो. आरसीसीबीला फरक दिसतो आणि तो पडतो. गीझरला दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विच बसवला तर हे थांबेल, पण एलिमेंटचा दोष तसाच राहील.

तपासणी मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, करायची. मेन बंद करा, एलिमेंटच्या दोन्ही तारा काढा, दोन्ही टर्मिनल एकत्र जोडा. मेगरची एक वायर त्यांना, दुसरी नळीला किंवा फ्लँजला. ५०० व्होल्टवर एक मिनिट. शेकडो मेगओहम आले तर एलिमेंट निर्दोष. थर्मोस्टॅट किंवा वायरिंग बघा. एक मेगओहमच्या खाली आलं तर एलिमेंट बाहेर काढा, क्षार खरवडा, रबरी वॉशर काढून ठेवा आणि १२० ते १५० अंशांवर चार-सहा तास भट्टीत वाळवा. पुन्हा मेगर करा.

वाळवल्यावर आकडा चढला म्हणजे काम झालं असं समजू नका. टर्मिनलं वर ठेवून नळी बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा टिकला तर ओल टोकांतून शिरत होती. टोकांना उष्णता सहन करणारं सिलिकोन भरून एलिमेंट वापरता येईल. परत कोसळला तर नळीला भोक आहे. ते एलिमेंट भंगारात. आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देणारे महाभागही भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ऱ्हिओस्टॅटची तार उघडी दिसते आणि फेरे चिकटून असतात, तरी तो चालतो. यंदा साफसफाईत सगळ्या नळ्यांवर पॉलिश पेपर मारला आणि आता रोध निम्म्यावर आला आहे. दुरुस्ती होईल का? रेझिस्टन्स बॉक्सची तारही अशीच असते का?
— एक शिक्षिका, लातूर

तार उघडी दिसते, पण नसते. ऱ्हिओस्टॅटला, म्हणजे स्लायडर सरकवून रोध कमी-जास्त करायच्या साधनाला, कॉन्स्टंटन, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला युरेका म्हणतात ती, ५५ टक्के तांबं आणि ४५ टक्के निकेलची तार वापरतात. ती हवेत ९०० अंशांच्या आसपास काही सेकंद तापवून थंड केली की तिच्यावर काळपट ऑक्साइडचा पातळ, चिवट थर बसतो. हा थर दोन फेऱ्यांतला सुमारे एक व्होल्टाचा फरक अडवतो. ३०० फेऱ्यांच्या नळीवर २३० व्होल्ट दिले तरी फेऱ्यामागे पाऊण व्होल्टच येतो, म्हणून वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. पॉलिश पेपरने हा थर गेला आणि धातूचा कीस फेऱ्यांच्या मधे भरला. दोन्हीमुळे फेरे शॉर्ट झाले.

आधी स्वस्तातला उपाय: कोरड्या, ताठ ब्रशने कीस काढा आणि रोध पुन्हा मोजा. पुष्कळदा बराचसा रोध परत येतो, कारण दोन फेरे जिथे एकमेकांना टेकतात त्या खोबणीत पेपर पोचलेला नसतो. तेवढ्याने भागलं नाही तर तार उलगडा, गॅसच्या निळ्या ज्योतीतून लाल होईल इतक्या सावकाश वेगाने ओढा आणि हवेतच थंड होऊ द्या. ताणून धरू नका, लाल तार लांबून बारीक होते. आधी हातभर तुकड्यावर करून बघा. त्याचे कापून दोन तुकडे करा, ते एकमेकांवर आडवे टेकवा आणि प्रत्येकाच्या खरवडलेल्या टोकाला मल्टिमीटरची एकेक वायर लावा. कंटिन्युइटी दाखवली नाही तर थर बसला.

परत गुंडाळल्यावर स्लायडर फिरतो तेवढीच पाच-सहा मिलिमीटरची पट्टी साफ करायची, बारीक झिरो नंबर पेपरने. पेपर तारेच्या दिशेने, म्हणजे नळीला आडवा घासा. नळीच्या लांबीत घासला की कीस पुन्हा फेऱ्यांच्या मधे बसतो.

रेझिस्टन्स बॉक्सचं तंत्र वेगळं आहे. तिथे मँगॅनिन असते, ८४ टक्के तांबं, १२ टक्के मँगनीज, ४ टक्के निकेल. एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती काढली, कारण खोलीच्या तापमानात तिचा रोध जवळजवळ बदलत नाही. तिच्यावर इनॅमल असतो, जुन्या बॉक्समध्ये रेशीम. तार मधोमध दुमडून दुहेरी गुंडाळतात, म्हणजे इंडक्टन्स उरत नाही. पण त्यामुळे कॉइलची सुरुवात आणि शेवट अगदी शेजारी येतात आणि पूर्ण व्होल्टेज त्या दोघांच्या इनॅमलवर पडतं. बॉक्समधला दोष बहुतेक टर्मिनलजवळ सापडतो तो यामुळेच. टोकाचा इनॅमल ज्योतीने जाळू नका. मँगॅनिन तापली की पृष्ठभागातलं मँगनीज ऑक्साइड होऊन निघतं आणि रोध बदलतो. ब्लेडने हलक्या हाताने खरवडा, मग डाग द्या (सोल्डर करा). नवी कॉइल गुंडाळली असेल तर शेलॅक (लाखेचं वार्निश) लावून १४० अंशांच्या आसपास एक-दोन दिवस भाजतात. शेलॅक सुकतो आणि गुंडाळताना तारेत आलेला ताणही निघतो. न भाजलेल्या कॉइलचा रोध पुढे महिनोन्‌महिने सरकत राहतो.

प्रश्न : हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला के टाइप थर्मोकपल आहे. कंट्रोलर ८०० दाखवतो, पण माल जास्त तापून निघतोय. कंट्रोलर बदलला, फरक नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

कंट्रोलरचा दोष नसावा. थर्मोकपल म्हणजे टोकाला जोडलेल्या, तापमान मोजणाऱ्या दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा; के टाइपमध्ये क्रोमेल आणि अल्युमेल. त्या भट्टीच्या भिंतीत कुठेतरी एकमेकींना लागल्या असाव्यात. मीटरकडून निघाल्यावर या दोन तारा जिथे पहिल्यांदा टेकतात, तिथलं तापमान मीटरवर उमटतं. ग्लासफायबरचं विणलेलं आवरण ५०० अंशांच्या आसपास कमकुवत होऊन गळायला लागतं. भिंतीत, टोकापासून थोडं अलीकडे, तारा टेकल्या की मीटर भिंतीचं तापमान दाखवतो, ते कमी असतं, आणि कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. माल करपतो तो असा.

खात्री करायला थर्मोकपल थंड असताना बाहेर काढा, टोक मोकळ्या हवेत ठेवा आणि आवरणाच्या मधल्या भागावर हॉट एअर गन फिरवा. आकडा हलता कामा नये. हलला तर तारा तिथेच लागल्या आहेत. नव्या तारांवर दोन भोकांचे चिनी मातीचे मणी किंवा नळी थेट भिंतीच्या बाहेरपर्यंत घाला. ग्लासफायबर बाहेरच्या भागापुरतं.

दुसरं कारण जोडकेबलचं. थर्मोकपलच्या हेडपासून (भट्टीबाहेरच्या जोडपेटीपासून) पॅनेलपर्यंत साधी तांब्याची केबल घातली असेल, हेड ७० अंशांवर आणि पॅनेल ३० वर असेल, तर मीटर सुमारे ४० अंश कमी दाखवतो. तिथे के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. रंगांवर विसंबू नका: आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह, अमेरिकन पद्धतीत पिवळी पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह. लाल म्हणजे प्लस या सवयीने बरेच जण उलटं जोडतात. खिशात लहान लोहचुंबक ठेवा. अल्युमेल चुंबकाला चिकटते, ती निगेटिव्ह. क्रोमेल चिकटत नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल तुटते. पीळ देऊन जोडते आणि टेप लावते, पण टेप जळून जातो. कुठला टेप टिकेल?
— एक वाचक, वसतिगृह, पुणे

कुठलाही नाही. लाल तापणाऱ्या तारेवर टेप लावायचा नसतो. पिळाच्या जागी तारा नीट टेकत नाहीत, मधे ऑक्साइड धरतो, रोध वाढतो, ती जागा इतरांपेक्षा जास्त तापते आणि पुन्हा तिथेच तुटते. नवी कॉइल शेगडीच्या वॅटनुसार आणा आणि खाचेत सगळीकडे सारखी ओढून बसवा. पितळी नट-बोल्टांमध्ये वॉशर घालून टोकं घट्ट करा, आणि प्लेटखालून जाणाऱ्या टोकांवर चिनी मातीचे मणी ओवा. डाग देऊन जोडण्याचा प्रयत्न करू नका. नायक्रोमला साधा डाग धरत नाही, आणि धरला तरी शिसं-कथिलाचा डाग १८३ अंशांपासूनच वितळायला लागतो.

या शेगडीचं इन्सुलेशन म्हणजे फक्त मातीची प्लेट. दूध उतू गेलं की त्यातले क्षार प्लेटमध्ये मुरतात आणि पुढे तापताना वीज बाजूच्या पत्र्यात गळते. कॉइलला टेकलेल्या भांड्यात चमचा घालून ढवळणं म्हणजे २३० व्होल्टला हात लावणं. प्लेट तडकली असेल तर शेगडीच बदला. बंद एलिमेंटची हॉटप्लेट घ्या.

प्रश्न : गणपतीच्या आराशीसाठी फोम कापायला नायक्रोमचा कटर करायचा आहे. शॉक लागू नये म्हणून इनॅमल लावलेली नायक्रोम मिळेल का?
— एक मंडळ, ठाणे

मिळते, पण ती रोधांच्या कॉइलसाठी असते. कटरमध्ये तिचा इनॅमल पहिल्याच दिवशी धूर होऊन जाईल. इथे तार उघडीच ठेवायची आणि व्होल्टेज कमी ठेवायचं. ०.५ मिलिमीटरची ६० सेंटिमीटर नायक्रोम घेतली तर रोध ३.३ ओहम. ६ व्होल्टवर १.८ अँपिअर, ९ वर २.७, १२ वर ३.६. सहापासून सुरू करा. फोम न जळता, तार न अडखळता पुढे सरकली की तेवढंच ठेवा. ट्रान्सफॉर्मर ५ अँपिअरचा, वेगळ्या सेकंडरीचा, म्हणजे ज्याच्या आउटपुटचा मेनशी थेट जोड नाही असा. बल्ब सिरीजमध्ये घालून किंवा पंख्याचा रेग्युलेटर लावून थेट मेनवर कटर चालवणारे आहेत. त्यांची तार थंड दिसली तरी फेजवर असते.

धनुकली लाकडाची असेल तर तार लाकडाला बांधू नका, लाकूड कोळसा होतं. टोकांना बेकलाइटचे किंवा पोर्सेलीनचे तुकडे लावा आणि एका टोकाला स्प्रिंग द्या; तापल्यावर ६० सेंटिमीटर तार दोन-तीन मिलिमीटर लांबते आणि सैल तार वाकडं कापते. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे आता गादीचा फोम आणि इतर शीट कापली जातात. गादीच्या फोमचा धूर विषारी असतो, काम उघड्यावर आणि पंखा लावून करा. पीव्हीसी फोमशीट मात्र गरम तारेने अजिबात कापू नका, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती कटर-ब्लेडने कापा.